वय न दिसणारा मुलगा आणि एकशे चार वर्षे

हॉस्टेलवर दोन विषय कधीच संपत नाहीत. एक म्हणजे मेसची भाजी आणि दुसरा म्हणजे बॉडी. कुणाला दंड कमवायचे असतात, कुणाला दोन इंच उंची वाढवून हवी असते. मग पावडरचे डबे येतात, उंची वाढवणाऱ्या गोळ्यांच्या जाहिराती कापून ठेवल्या जातात, आणि कुणीतरी हळूच ग्रोथ हार्मोनच्या इंजेक्शनचा विषय काढतो. ते घेतलं की म्हणे स्नायू वाढतात, चरबी उतरते आणि म्हातारपण लांबतं! यात खरं किती आणि खोटं किती हे समजून घ्यायचं असेल तर फार लांब जायला नको. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातला, किरकोळ अंगकाठीचा एक माणूस एकशे चार वर्षे जगला. ही त्याची गोष्ट आहे आणि सोबतीला थोडं विज्ञान.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी खेड तालुक्यातल्या शेरवली या त्यांच्या आजोळच्या गावी झाला. लहानपण गेलं दापोलीजवळच्या मुरूडला. घरची परिस्थिती बेताची होती. पुढे भारतरत्न झालेल्या या मुलाची पहिली मोठी परीक्षा हुकली, आणि तीही अभ्यास कमी पडला म्हणून नव्हे!

साल १८७५. शिक्षकाची नोकरी मिळायची तर सहावीची सरकारी परीक्षा द्यावी लागे, आणि तिचं केंद्र होतं साताऱ्याला. आज आपण एसटीत बसून झोपा काढत घाट चढतो. धोंडू आणि त्याचे सोबती मात्र मुरूडहून पायी निघाले. पावसाळी दिवस, सह्याद्रीची चढण आणि शंभर मैलांहून जास्त अंतर. चार दिवसांत ही मंडळी साताऱ्याला पोचली. परीक्षेला बसायला वयाची सतरा वर्षे पूर्ण लागत. धोंडूची ती झाली होती. पण परीक्षा घेणाऱ्या अधिकाऱ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि ठरवलं, की हा मुलगा सतराचा दिसत नाही. झालं! एवढं चालून आलेला उमेदवार परीक्षेला न बसताच परत फिरला. पुढे कोल्हापूर केंद्रावर तो हीच परीक्षा पास झाला.

म्हणजे वयाच्या मानाने लहान दिसणारं शरीर हा त्याच्या आयुष्यातला पहिला अडथळा ठरला. याच शरीराने पुढे शंभरी पार केली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल का? इथे जीवशास्त्राचं दार उघडतं.

आपल्या मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्यातून ग्रोथ हार्मोन, म्हणजे वाढीचं संप्रेरक, रक्तात येतं. ते नळासारखं सतत वाहत नाही, थांबून थांबून लाटांनी येतं, आणि सर्वांत मोठी लाट येते ती रात्रीच्या गाढ झोपेच्या सुरुवातीला. (सबमिशनच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) हे संप्रेरक यकृताला निरोप देतं आणि यकृत आयजीएफ-१ नावाचं दुसरं संप्रेरक तयार करतं. हाडं लांब करणं, पेशींना वाढा आणि विभागा असं सांगणं, हे काम बरंचसं आयजीएफ-१ करतं. ते रक्तात वाढलं की पीयूषिकेला उलटा निरोप जातो आणि ग्रोथ हार्मोन कमी होतं. कंट्रोल सिस्टिमच्या पेपरात आपण जो निगेटिव्ह फीडबॅकचा ब्लॉक डायग्रॅम काढतो, तोच इथे हाडामांसात बसवलेला आहे. आयजीएफ-१ ची रचना इन्शुलिनशी मिळतीजुळती असते. एक वाढ सांभाळतं आणि दुसरं साखर, पण दोघांची भाषा बरीच सारखी. म्हणूनच वाढ, चयापचय आणि म्हातारपण हे तीन धडे वेगवेगळे शिकता येत नाहीत.

आता गंमत पाहा. १९९६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एम्स जातीच्या बुटक्या उंदरांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मतःच्या दोषामुळे या उंदरांत ग्रोथ हार्मोन जवळजवळ नसतंच. ते आकाराने लहान राहतात, पण नेहमीच्या उंदरांपेक्षा सुमारे दीडपट जगतात. पुढे ग्रोथ हार्मोनचा निरोप घेणारा रिसेप्टरच नसलेले उंदीर तयार केले गेले. त्यातला एक जवळजवळ पाच वर्षे जगला. उंदराची एरवीची दोन-तीन वर्षांची हयात पाहता हा विक्रमच! त्याआधी १९९३ साली सिंथिया केनियन यांनी दाखवलं होतं, की एका सूक्ष्म कृमीमध्ये इन्शुलिनसारख्या निरोपाचा एकच जीन बिघडवला तर त्याचं आयुष्य दुप्पट होतं. कुत्र्यांचं उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोरच असतं. राक्षसासारखा ग्रेट डेन लवकर म्हातारा होतो, आणि छोटं पॉमेरियन त्याच्यापेक्षा कितीतरी वर्षे जास्त भुंकत राहतं. कुत्र्यांच्या आकारातल्या फरकामागे आयजीएफ-१ च्या जीनचा मोठा हात असल्याचं २००७ साली दिसून आलं.

याचं कारण साधारण असं सांगतात. पेशीला सतत वाढीचा निरोप मिळत राहिला तर ती नवं बांधकाम करत राहते आणि जुन्याची डागडुजी मागे पडते. निरोप कमी झाला की ती मेंटेनन्स मोडमध्ये जाते, खराब झालेले भाग मोडून पुन्हा वापरते आणि ताण सहन करायला शिकते. मशीन सदा फुल लोडवर चालवलं आणि शटडाऊन घेतलाच नाही तर काय होतं, हे मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको.

तर मग कर्व्यांच्या शंभरीचं रहस्य त्यांच्या कमी ग्रोथ हार्मोनमध्ये होतं का? हे उत्तर ऐकायला झकास वाटेल, पण ते देता येणार नाही. मानवी ग्रोथ हार्मोन शुद्ध स्वरूपात वेगळं केलं गेलं ते १९५६ साली, म्हणजे कर्वे अठ्ठ्याण्णव वर्षांचे असताना. त्यांचं संप्रेरक कुणी मोजलेलं नाही. सतराव्या वर्षी लहान दिसणारी मुलं पुष्कळ असतात. काहींची वाढच उशिरा सुरू होते, काहींच्या पोटात पुरेसं अन्न गेलेलं नसतं. एका माणसावरून नियम काढणं म्हणजे एकच रीडिंग घेऊन ग्राफ काढणं. गणिताच्या या प्रोफेसरांनी असा ग्राफ नक्कीच परत केला असता.

होय, कर्वे गणिताचे प्रोफेसर होते. शिक्षण उशिरा सुरू झालं, पण त्यांनी ते सोडलं नाही. १८८१ साली, तेविसाव्या वर्षी, ते मुंबईत मॅट्रिक झाले आणि १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. झाले. शाळांतून शिकवून पोट भरत होते. लग्न लहानपणीच झालेलं. पत्नी राधाबाई १८९१ साली, ऐन तारुण्यात वारल्या. मागे मुलगा रघुनाथ राहिला. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले आणि १९१४ पर्यंत तिथे राहिले.

पुनर्विवाह करायचा तर विधवेशीच, असं त्यांनी ठरवलं. ११ मार्च १८९३ रोजी देवरुखच्या गोदूबाईंशी त्यांचं लग्न झालं. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या आणि सगळ्यांच्या बाया. मुरूडने या जोडप्याला वाळीत टाकलं. ज्या गावासाठी कर्वे पैसे साठवत, त्याच गावात त्यांना आपल्या आईच्या घरी उजळ माथ्याने राहता येईना. त्या काळात आठ-दहा वर्षांची मुलगी विधवा झाली की तिचं उरलेलं सगळं आयुष्य अंधाऱ्या खोलीत जाई. लांब आयुष्य हे तिच्यासाठी वरदान नव्हतं, ती शिक्षाच होती. दीर्घायुष्याबद्दल बोलताना आपण हे विसरू नये.

१८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याला एका झोपडीत गेला. प्लेगच्या भीतीने आणि लोकांच्या रोषापायी गावाबाहेरच जागा बरी होती. तेव्हा हिंगण्याला धड रस्ता नव्हता. दिवसभर फर्ग्युसनमध्ये शिकवायचं, संध्याकाळी आश्रमाला लागणारं सामान घेऊन चिखल तुडवत हिंगण्याला जायचं, मुलींना शिकवायचं आणि पुन्हा सकाळी कॉलेजला हजर व्हायचं, असा क्रम ठेवून ते चालत राहिले.

हे चालणं आपल्या विषयात महत्त्वाचं आहे. चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनची फारशी वाट न बघता ओढून घेतात. त्यामुळे इन्शुलिन कमी लागतं आणि पेशी त्याला दाद द्यायच्या थांबत नाहीत. त्याला साध्या खाण्याची जोड मिळाली तर चयापचयावरचा ताण आणखी कमी होतो. कमी अन्नाचा परिणाम १९३५ सालीच दिसला होता. कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांना पोषक पण मोजकं खाणं दिलं, तर ते जास्त जगले. मोजक्या खाण्याने आयजीएफ-१ आणि इन्शुलिन दोन्ही उतरतात, म्हणजे बुटक्या उंदरांचीच वाट वेगळ्या दाराने. माकडांवरच्या दोन मोठ्या प्रयोगांत मात्र आयुष्य वाढण्याबाबत निकाल सारखा आला नाही. तेव्हा मेसची भाजी टाकून देण्याला शास्त्राधार मिळाला असं कुणी समजू नये!

आता त्याच काळातली दुसरी बाजू पाहू. गोपाळ कृष्ण गोखल्यांचा जन्म १८६६ सालचा, गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचा. जिल्हा आपलाच, कॉलेज तेच, विषयही काही काळ गणितच. कर्व्यांपेक्षा ते आठ वर्षांनी लहान. गोखल्यांना मधुमेहाने गाठलं. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. माणसाला इन्शुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं ते जानेवारी १९२२ मध्ये, कॅनडातल्या टोरंटो शहरात. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनाही मधुमेह होता. तेही चौसष्टाव्या वर्षी, १९२० साली, इन्शुलिनच्या अलीकडेच गेले. ही माणसं काही आळशी नव्हती. आनुवंशिकता, धावपळ, तुरुंगवास, आजारपण, सगळंच हिशेबात धरावं लागतं. पण शरीराचं साखरेचं गणित बिघडलं की आयुष्य किती आखूड होतं, हे आपल्या जिल्ह्याने असं पाहिलेलं आहे.

आता एक हिशेब मांडू. कर्वे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले असते तर ते साल असतं १९०६. विधवांसाठी आश्रम काढणारा एक भला प्राध्यापक, एवढीच त्यांची नोंद राहिली असती. पण महिला विद्यालय त्यांनी त्यानंतर काढलं, १९०७ साली. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून १९१६ साली मूठभर विद्यार्थिनी घेऊन महिला विद्यापीठ सुरू केलं, तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. हे तर अनेक ठिकाणी निवृत्तीचं वय! १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठाला पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईच्या नावावरून ते एसएनडीटी झालं. त्यासाठी पैसे गोळा करायला आणि माहिती सांगायला कर्वे १९२९ साली, सत्तरी ओलांडल्यावर, युरोप, अमेरिका आणि जपानच्या दौऱ्यावर निघाले. त्यानंतर आफ्रिकाही झाली. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळाच नव्हती तिथे प्राथमिक शाळा काढण्यासाठी नवी संस्था उभी केली. १९४४ साली, शहाऐंशीव्या वर्षी, जातिभेदाविरुद्ध समता संघ काढला. विज्ञानाच्या भाषेत नुसत्या हयातीला लाइफस्पॅन म्हणतात आणि धडधाकट वर्षांना हेल्थस्पॅन. कर्व्यांच्या बाबतीत हे दोन आकडे जवळजवळ आले, आणि त्यांचं निम्मं काम या दुसऱ्या आकड्यातूनच निघालं.

एवढं जगण्याची किंमतही असते. बाया १९५० साली गेल्या. थोरला मुलगा रघुनाथ, म्हणजे संततिनियमनाचा प्रचार करताना सगळ्या समाजाचा राग ओढवून घेणारे र. धों. कर्वे, १९५३ साली गेला. तेव्हा वडील पंचाण्णव वर्षांचे होते. बरोबरीचे सगळे सोबती कधीच गेले होते. १९५८ साली जन्मशताब्दीला स्वतः हजर असलेल्या या माणसाला भारतरत्न मिळालं आणि त्यांच्या चित्राचं टपाल तिकीटही निघालं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांनी शेवटचा श्वास घेतला.

आता परत इंजेक्शनकडे वळू, कारण हा प्रश्न आपल्या वयाचा आहे. १९९० साली डॅनियल रुडमन या अमेरिकन डॉक्टरांनी साठीपुढच्या बारा पुरुषांना सहा महिने ग्रोथ हार्मोन दिलं. स्नायूंचा भाग सुमारे नऊ टक्क्यांनी वाढला आणि चरबी चौदा टक्क्यांनी उतरली. वयाबरोबर हे संप्रेरक कमी होतंच, मग ते बाहेरून भरलं की तारुण्य परत येईल, असा बाजार त्यावर उभा राहिला. पण प्रयोग फक्त बारा जणांचा होता आणि आयुष्य वाढलं का हे त्यात पाहिलेलंच नव्हतं. नंतरच्या अभ्यासांत दिसलं, की स्नायूचं वजन वाढलं तरी ताकद त्या मानाने वाढत नाही. उलट अंगावर सूज, सांधेदुखी, मनगटातली नस दबणं आणि साखर वाढणं हे त्रास मात्र होतात. शरीरातच ग्रोथ हार्मोन जास्त होणाऱ्या ॲक्रोमेगली या आजारात हात-पाय-जबडा वाढतो, मधुमेह आणि हृदयविकार मागे लागतात, आणि उपचार झाले नाहीत तर आयुष्य कमी होतं. बुटके उंदीर जास्त जगतात आणि आपण जास्त जगण्यासाठी तेच संप्रेरक टोचून घ्यायचं, हे उलटंच नाही का?

उंचीचं म्हणाल तर हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या एकदा बंद झाल्या की कुठलंही इंजेक्शन उंची वाढवू शकत नाही. ज्या लहान मुलांत हे संप्रेरक खरोखर कमी असतं त्यांना डॉक्टर ते देतात आणि त्याचा उत्तम उपयोग होतो. तो उपचार आहे, शॉर्टकट नाही.

पण नुसतं कमी असणंही चांगलंच असं नाही. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशात लॅरॉन सिंड्रोम असलेल्या सुमारे शंभर माणसांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या पेशींना ग्रोथ हार्मोनचा निरोप ऐकूच येत नाही. उंची साधारण साडेतीन-चार फूट. बावीस वर्षांत त्यांच्यात मधुमेह एकालाही झाला नाही आणि कॅन्सर फक्त एकाला. त्यांच्याच उंच नातेवाइकांत मात्र दोन्ही आजार होते. तरीही ही माणसं इतरांपेक्षा जास्त जगली नाहीत. अपघात आणि दारू यांनीच अनेकांचं आयुष्य संपवलं. म्हातारपणी आयजीएफ-१ फारच उतरलं तर स्नायू आणि हाडंही झिजतात. आणि जो बारीक तो निरोगी हाही गैरसमजच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने दाखवलं, की पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी असतात, पण त्या मानाने त्यांच्यात चरबी जास्त टिकलेली असते आणि स्नायू कमी. वरून बारीक, आतून जाडे. पुढे मधुमेह होतो तो यांनाच जास्त. आपल्यापैकी कितीतरी जण याच साच्यातले आहोत, वजनकाटा काहीही सांगो.

थोडक्यात सांगायचं तर गाढ झोप, रोजचं चालणं आणि बेताचं खाणं यांनी संप्रेरकांचं जे संतुलन राहतं ते सुईतून विकत मिळत नाही. याने शंभरी गाठता येईल अशी हमी कुणीही देऊ शकत नाही. कर्वे जन्मले त्या काळात आपल्या देशातलं सरासरी आयुर्मान पंचविशीच्या आसपास होतं, आणि राधाबाईंसारख्या कितीतरी जणी तिशीही पाहू शकल्या नाहीत. चांगली दवा, स्वच्छ पाणी, सुरक्षित बाळंतपण आणि नशीब यांचाही वाटा मोठाच असतो.

साताऱ्याच्या त्या अधिकाऱ्याने एका मुलाच्या शरीराकडे बघून त्याची लायकी ठरवली. आपणही आरशासमोर उभे राहून स्वतःबद्दल रोज तेच करतो. पुढच्या सुटीत दापोलीकडे गेलात तर मुरूडला जरूर उतरा. जमलं तर शेवटचे चार-पाच मैल पायीच जा. संप्रेरकांचं राहू द्या, निदान त्या मुलाने चाललेल्या वाटेचा अंदाज तरी पायांना येईल.